वायोमिंगमध्ये वाटाड्याशिवाय प्राँगहॉर्नची पहिली शिकार : नियोजन कसे करावे?

डेन्व्हरकर | ९ फेब्रुवारी

नमस्कार. मी मूळचा सांगोल्याकडचा असून गेली अकरा वर्षे कोलोरॅडोत डेन्व्हरच्या उत्तरेस राहतो. मटण आमच्या घरी आवडीने खाल्ले जाते, परंतु ते आणण्यासाठी मी खाटकाच्या दुकानापलीकडे कधी गेलेलो नाही. गेली दोन वर्षे नेमबाजीच्या मैदानावर नियमित सराव करत आहे आणि या शरद ऋतूत शेजारच्या वायोमिंग राज्यात प्राँगहॉर्न या माळावरच्या हरणासारख्या प्राण्याची शिकार करावी, असे मनात आहे. इथले लोक या प्राण्याला सरसकट 'अँटिलोप' म्हणतात. व्यावसायिक वाटाड्या घेतल्यास काही हजार डॉलर खर्च येतो. तो मला परवडणारा नाही, आणि खरे सांगायचे तर सगळे आयते मिळाले तर त्यातून मी शिकणार काय, असेही वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. कोणती रायफल घ्यावी? परवाना कसा मिळतो? शिकार नेमकी कोणाच्या जमिनीवर करायची? मांस घरापर्यंत कसे आणायचे? एक सहकारी मित्रही सोबत येऊ इच्छितो. तो एच-वन-बी व्हिसावर आहे.

सेजवाला | ९ फेब्रुवारी

आपण प्रश्न उलट्या क्रमाने विचारले आहेत. रायफल हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत सोपा भाग आहे, म्हणून तो एका वाक्यात संपवतो: .२४३, ६.५ क्रीडमूर किंवा .२७० या काडतुसांच्या रायफलींपैकी जी आपल्या खांद्याला सोसते आणि जिच्यावर आपला हात बसला आहे, ती पुरेशी आहे. मी कॅस्परजवळ चौदा वर्षे राहतो आणि बारा हंगाम या प्राण्यामागे माळ तुडवला आहे. नवशिक्याचा हंगाम वाया जातो तो बहुधा परवाना, जमीन आणि मांस या तीन ठिकाणी. नेम चुकल्याने वाया गेलेले हंगाम मी त्यामानाने कमी पाहिले आहेत.

आधी परवाना. आपण कोलोरॅडोचे रहिवासी असल्याने वायोमिंगच्या लेखी 'बाहेरचे' आहात. बाहेरच्यांना सोडतीसाठी अर्ज करावा लागतो. त्याची मुदत जूनच्या सुरुवातीला संपते आणि निकाल त्याच महिन्यात लागतो. संपूर्ण राज्य क्रमांक दिलेल्या शिकार-क्षेत्रांत विभागलेले आहे आणि परवाना ज्या क्षेत्राचा असेल त्याच क्षेत्रात चालतो. नर किंवा मादी कोणताही प्राणी मारू देणाऱ्या परवान्याची नेहमीची फी बाहेरच्यांसाठी ३२६ डॉलर आहे. त्याच परवान्याच्या 'स्पेशल' सोडतीसाठी १,२०० डॉलर मोजावे लागतात, कारण त्या रांगेत माणसे कमी असतात. दोन्ही सोडतींतले ७५ टक्के परवाने फी भरून वर्षानुवर्षे साठवलेल्या प्राधान्य-गुणांनुसार (ज्याचे गुण जास्त त्याला आधी) दिले जातात आणि उरलेले २५ टक्के निव्वळ नशिबावर. तुमच्याकडे गुण शून्य आहेत, हे लक्षात घ्या.

म्हणून माझा सल्ला असा की, मादी-पाडसाच्या परवान्यासाठीही अर्ज भरा. तो ३४ डॉलरच्या आसपास मिळतो, त्याला प्राधान्य-गुण लागत नाहीत आणि खर्चही होत नाहीत. शिंगांचा मोह नसेल तर पहिल्या शिकारीसाठी याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. मादीचे मांस उत्तम असते आणि 'हा नर पुरेसा मोठा आहे का' या विचारात संधी हातची जात नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. अर्जाच्या माहितीपत्रकात काही क्षेत्रांपुढे, तिथे सार्वजनिक जमिनीवर पोहोचणे अवघड आहे, अशी खूण केलेली असते. शून्य गुणांवर सहज मिळणारी क्षेत्रे पुष्कळदा तीच असतात. परवाना हातात आणि पाय ठेवायला जागा नाही, अशी गत होऊन डांबरी रस्त्यावरून तीन दिवस कळप पाहत फिरलेली माणसे मी पाहिली आहेत.

याशिवाय १ जानेवारी १९६६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी-सुरक्षा अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र लागते. ते कोलोरॅडोत मिळवले तरी वायोमिंगमध्ये चालते. वसंत ऋतूतच उरकून टाका. उन्हाळ्यात वर्ग भरलेले असतात.

कागदोपत्री | १० फेब्रुवारी

एच-वन-बी मित्राविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. हा मुद्दा हसण्यावारी नेण्याचा नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक वा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि 'बाळगणे' या शब्दात मित्राची रायफल हातात धरणेही येऊ शकते. त्याला अपवाद आहेत. अमेरिकेतील एखाद्या राज्याने कायदेशीररीत्या दिलेला चालू मुदतीचा शिकार-परवाना जवळ असणे, हा त्यांपैकी सर्वांत उपयोगाचा. त्यामुळे आपल्या मित्राने आधी परवाना मिळवावा आणि मगच रायफलीला हात लावावा; मैदानावरच्या सरावासाठीसुद्धा हाच क्रम पाळावा. ग्रीनकार्डधारकांना ही विशिष्ट मनाई लागू होत नाही. स्थलांतराचे प्रकरण चालू असेल, तर वकिलाला एकदा विचारून घेतलेले बरे. ती फी रायफलीपेक्षा स्वस्त पडते.

तोवर त्यांनी दुर्बीण घेऊन सोबत यावे. माळावर दुसरी डोळ्यांची जोडी फार मोलाची असते.

कर्जतची | १० फेब्रुवारी

मी अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतची. आमच्याजवळच रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. लहानपणी त्या माळावर काळविटांचा कळप उड्या घेत जाताना पाहिलेला आहे, त्यामुळे हा धागा वाचताना पोटात कालवते, हे स्पष्टच सांगते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. परदेशात गेल्यावर तोच प्राणी ताटात कसा काय चालतो? आणि मादी मारली तर तिच्या पाडसांचे काय होते? मला वाद घालायचा नाही, समजून घ्यायचे आहे.

सेजवाला | ११ फेब्रुवारी

ताई, प्रश्न रास्त आहे. पहिली गोष्ट म्हणजे हा 'तोच प्राणी' नव्हे. काळवीट हा खरा कुरंगवर्गीय, म्हणजे खरा 'अँटिलोप'. प्राँगहॉर्न आपल्या कुळात एकटाच उरलेला आहे आणि त्याचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक जिराफ आणि ओकापी आहेत. त्याच्या शिंगांना फाटा असतो आणि शिंगांवरचे आवरण तो दरवर्षी टाकतो. वेगात मात्र काळविटाचा भाऊ शोभेल. ताशी ८५ किलोमीटरच्या वर धावतो.

पाडसे मेअखेर किंवा जूनच्या आरंभी जन्मतात, बहुधा जुळी. हंगाम सुरू होईपर्यंत ती चरू लागलेली आणि कळपात मिसळलेली असतात.

आपल्याकडे कायद्याने शिकार थांबवून प्राणी वाचवले. इथे विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्राणी संपत आला होता. तेव्हा आधी बंदी आली, आणि पुढे संख्या वाढल्यावर मोजून परवाने देण्याची पद्धत रुळली. १९३७ च्या एका संघीय कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. ही पद्धत निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमधले कळप बर्फाने आणि त्यातच आलेल्या न्यूमोनियाच्या साथीने अक्षरशः कोलमडले. तेव्हा राज्याच्या वन्यजीव खात्याने परवान्यांत मोठी कपात केली. आमच्यापैकी अनेकांना त्या वर्षी घरी बसावे लागले आणि ते योग्यच होते. एवढे सांगूनही आपल्याला पटले नाही तर माझी तक्रार नाही.

डेन्व्हरकर | १२ फेब्रुवारी

कर्जतच्या ताईंचे आणि सेजवाला यांचे आभार. मादीच्या परवान्याचा सल्ला मनावर घेतो. आता जमिनीविषयी सांगावे. नकाशा उघडला की पिवळे, निळे, पांढरे चौकोन पाहून डोळे फिरतात.

सेजवाला | १३ फेब्रुवारी

जमिनीवर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण नवशिक्याने तिला सर्वाधिक वेळ द्यावा असे माझे ठाम मत आहे.

ऑनएक्ससारख्या नकाशाच्या ॲपवर पिवळा रंग ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या, म्हणजे बीएलएमच्या संघीय जमिनीचा. तिथे शिकार करता येते आणि सर्वसाधारणपणे चौदा दिवसांपर्यंत तंबूही ठोकता येतो. निळा रंग राज्याच्या ट्रस्ट जमिनीचा. तिथे शिकार चालते, मात्र मुक्काम आणि शेकोटी चालत नाही. हा फरक माहीत नसल्याने रात्री उठवले गेलेले लोक आहेत. पांढरे ते खासगी. तिथे मालकाची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये, मग कुंपण असो वा नसो. जखमी प्राणी खासगी हद्दीत जाऊन पडला, तरी आधी मालकाला गाठायचे.

दक्षिण वायोमिंगमध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेच्या दोन्ही बाजूंना हे पिवळे आणि पांढरे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे पसरलेले दिसतील. १८६० च्या दशकात रेल्वे कंपनीला एकाआड एक चौरस मैल जमीन दिली गेली, त्याचा हा अवशेष. एका पिवळ्या चौकोनातून कोपऱ्याला कोपरा लागलेल्या दुसऱ्या पिवळ्या चौकोनात पाऊल टाकणे हे खासगी जमिनीवरचे अतिक्रमण आहे का, यावर बरीच वर्षे भांडण चालले. मिसुरीच्या चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटनजवळ असे कोपरे ओलांडल्यावरून खटला उभा राहिला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या (वायोमिंग ज्या विभागात येते त्या) संघीय अपील न्यायालयाने, खासगी जमिनीला स्पर्श न करता कोपरा ओलांडणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. तरीही पहिल्या वर्षी या फंदात पडू नका. फोनवरची रेघ काही मीटर इकडेतिकडे असू शकते आणि आपल्याला शिकार करायची आहे, न्यायालयाची पायरी नव्हे.

त्याऐवजी राज्याच्या वन्यजीव खात्याने जमीनमालकांशी करार करून खुली केलेली क्षेत्रे पाहा. ती दोन प्रकारची आहेत. 'वॉक-इन' क्षेत्रात वेगळी परवानगी लागत नाही, फक्त पायी जायचे. दुसऱ्या प्रकारात खात्याच्या संकेतस्थळावरून आधी परवानगीची चिठ्ठी काढावी लागते. मे-जूनमध्ये एकदा प्रत्यक्ष गाडी घेऊन या, रस्ते पाहा, फाटके पाहा. उघडे फाटक उघडे ठेवायचे आणि बंद फाटक बंद, हा इथला अलिखित कायदा आहे.

चिखलराव | १३ फेब्रुवारी

वरील प्रतिसादात रस्त्यांचा उल्लेख आला म्हणून माझी फजिती सांगतो. गिलेटच्या बाजूला आम्ही दोघे मित्र पावसाच्या अंदाजाकडे काणाडोळा करून बीएलएमच्या कच्च्या वाटेने बारा मैल आत गेलो. दुपारी अर्धा तास पाऊस पडला. इथल्या मातीत बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते. ती भिजली की आपल्याकडची काळी माती तिच्यापुढे सोज्वळ वाटावी. चाके चिखलाने भरून गोल दगडांसारखी झाली आणि फोर-व्हील-ड्राइव्हचा काही उपयोग झाला नाही. वाट वाळेपर्यंत दोन रात्री तिथेच काढल्या. पाणी होते, म्हणून निभावले. दोन स्टेपनी, फावडे, वीस लिटर पाणी आणि घरच्यांना आधी दिलेला नकाशा, एवढे नसेल तर डांबर सोडू नये.

डेन्व्हरकर | २४ जून

सोडतीचा निकाल लागला. नराचा परवाना मिळाला नाही, मादी-पाडसाचा मिळाला, तोही शर्ली बेसिनच्या बाजूला. मित्राला काहीच लागले नाही, त्यामुळे तो रायफलीला हात न लावता दुर्बीणवाला म्हणून येणार आहे. जूनच्या आरंभी एक चक्कर मारून आलो. मेडिसिन बो गावापासून ४८७ क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेला गेलो, तर दोन्ही बाजूंना कळप इतक्या निवांतपणे चरत होते की हे काम सोपे आहे असे वाटले.

सेजवाला | २५ जून

जूनमध्ये त्यांना ठाऊक असते की हंगाम नाही. (विनोद समजावा. पण ऑक्टोबरमध्ये आठवेल.)

आता माग काढण्याविषयी. या प्राण्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही कडांना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळपास सगळीकडचे दिसते, आणि दूरचेही फार स्पष्ट दिसते. झाड नसलेल्या माळावर तुम्ही त्याला पाहण्याआधी त्याने तुम्हाला पाहिलेले असते, असे धरूनच चालावे. म्हणून सकाळी उंचवट्यावर पालथे पडून, डोके कडेवर न काढता, दहापट दुर्बिणीने कळप शोधा. मग लगेच निघू नका. कळप कुठल्या दिशेने चरत चालला आहे, वारा कुठून येतो आहे आणि मध्ये कोणती घळ किंवा ओहोळ आहे, हे अर्धा तास बसून पाहा. सरळ रेषेत एक मैल असेल, तर घळीतून तीन मैल पडतील. शेवटचे दोनशे मीटर सेजच्या झुडपांआडून कोपरांवर आणि गुडघ्यांवर सरकत जायचे असतात. इथे जमिनीलगत फड्या निवडुंग असतो. जाड हातमोजे आणि गुडघ्यांना पट्टे नसतील, तर पुढचे चार दिवस चिमट्याने काटे काढत बसाल.

आणखी एक, कुंपणांकडे लक्ष ठेवा. हे प्राणी सहसा तारेवरून उडी मारत नाहीत, खालून निघतात. त्यामुळे त्यांच्या ठरलेल्या जागा असतात. तारेला अडकलेले पांढरे केस आणि खाली गुळगुळीत झालेली माती दिसली, की समजावे.

गोळीविषयी थोडक्यात. रायफल दोनशे यार्डांवर नेमाला बसवा आणि पहिल्या वर्षी त्यापलीकडे झाडू नका. मैदानावर टेबलाला टेकून मारलेल्या गोळ्या इथे कामाला येत नाहीत, म्हणून काठ्यांच्या आधाराने, बसून, पिशवीवर पालथे पडून, आणि मुद्दाम वाऱ्याच्या दिवशी सराव करा. प्राणी आडवा उभा असताना पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात नेम धरावा. मागे दुसरा प्राणी असेल तर थांबावे, कारण गोळी आरपार जाते. कळप पळत असेल तर झाडूच नये. अंगावर झळझळीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा कायद्याने हवा. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकार करता येते. रस्त्यावरून वा गाडीतून गोळी झाडता येत नाही.

सुगरण_ऑरोरा | २६ जून

मांसाचे मी सांगते, कारण आमच्याकडे नवरा आणतो आणि निस्तरावे मला लागते. या प्राण्याच्या मांसाला 'सेजचा उग्र वास येतो' म्हणून नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. माझ्या अनुभवात तो वास जनावराचा नसतो, आळशीपणाचा असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारी चांगले ऊन असते आणि याचे पोकळ केसांचे कातडे गोधडीसारखे ऊब धरून ठेवते. प्राणी पडल्यापासून तासाभरात आतडी काढून कातडे सोललेले असावे, चारही फरे, पाठीचे लांब तुकडे आणि मान सुटी करून विरळ कापडाच्या पिशव्यांत घालावीत आणि सावलीत वाऱ्याला टांगावीत. तिथून थेट बर्फाच्या पेटीत. घरून मोठ्या डब्यांत पाणी गोठवून न्या, म्हणजे बर्फ वितळून मांस पाण्यात पोहत नाही. केस मांसाला लागू देऊ नका, ते धुऊन निघता निघत नाहीत. खाण्याजोगे मांस तिथेच टाकून येणे हा वायोमिंगमध्ये गुन्हा आहे, तेव्हा मान आणि नळ्याही आणाव्यात.

शिजवताना लक्षात ठेवा की यात चरबी जवळजवळ नसते. पाठीचे तुकडे आले-लसूण-कोथिंबिरीच्या वाटणात अर्धा तास ठेवून गरम तव्यावर दोन-दोन मिनिटे परतले की पुरे. जास्त केले तर चप्पल होते. मान आणि खांदे कुकरमध्ये लावून सुके करा, तेल नेहमीपेक्षा पळीभर अधिक. उरलेल्याचा खिमा.

डेन्व्हरकर | ८ ऑक्टोबर

आलो. दोन दिवस लागले आणि पहिल्या दिवसाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. सेजवाला यांचा विनोद पहाटे सात वाजताच आठवला. जूनमध्ये रस्त्याकडेला उभे असणारे कळप गाडीचे दार उघडताच क्षितिजापलीकडे जात होते. दिवसभरात तीनदा माग काढला. दोनदा वाऱ्याने घात केला. तिसऱ्यांदा एकशे ऐंशी यार्डांवर पोहोचलो, परंतु धाप लागलेली होती आणि रायफलीचा काटा प्राण्यावर स्थिर होईना, म्हणून झाडली नाही. मित्राने त्या रात्री माझ्या कोपरातून एकोणीस काटे काढले. हातमोजे होते. कोपरांचे कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चालणे कमी केले आणि पाहणे वाढवले. वॉक-इन क्षेत्राच्या कडेला एका कुंपणाखाली पांढरे केस दिसले. तिथून दीडशे यार्डांवरच्या ओहोळात आम्ही दोघे नारिंगी कपड्यांत पालथे पडून राहिलो. पावणेदहाला सात माद्या आणि पाडसे एका ओळीने आली आणि खालून निघू लागली. तिसरी मादी पलीकडे जाऊन आडवी उभी राहिली. तिच्यामागे काही नव्हते. पिशवीवर रायफल टेकवलेली होती. गोळी झाडली. मादी चाळीस पावले गेली आणि पडली.

परवान्याच्या कूपनावर तारीख घालून, सही करून ते लगेच प्राण्याला बांधले. मादी असल्याचा पुरावा एका फऱ्याला तसाच ठेवला. कातडे सोलायला व्हिडिओत वीस मिनिटे लागतात. आम्हाला सव्वा तास लागला, आणि मी दोनदा बाजूला जाऊन बसलो. हाडे काढून साधारण चौदा किलो मांस भरले. पाठीचे तुकडे काल तव्यावर केले. वास कसलाही नव्हता. खिम्याला आई फोनवरून सूचना देत होती, प्राणी कोणता हे तिला मी सावकाश सांगणार आहे.

पुढच्या वर्षासाठी ३१ डॉलर भरून एक प्राधान्य-गुण घेतला आहे.

सेजवाला | ८ ऑक्टोबर

एकशे ऐंशीवर झाडली नाही, हे चांगले केले. कोपरांचे राहून गेले, क्षमस्व.

कर्जतची | ९ ऑक्टोबर

सगळे वाचले. एकच विचारायचे आहे. बाकीच्या सहा जणी आणि पाडसे कुठे गेली?

डेन्व्हरकर | ९ ऑक्टोबर

आवाज झाल्यावर सगळी पळाली. अर्ध्या किलोमीटरवर जाऊन थांबली, वळून आमच्याकडे पाहत उभी राहिली. आम्ही ओहोळातून उठलो नाही. दहा-बारा मिनिटांनी एकेकीने मान खाली घातली आणि ती चरत चरत उत्तरेला गेली.